पिल्लाबरोबर कागदही : आजरा तालुक्यातील श्वानपालकांचे मागणीपत्र

प्रति,
१) मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर, तथा अध्यक्ष, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी
२) महाराष्ट्र राज्य प्राणी कल्याण मंडळ
३) मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, कोल्हापूर
४) केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय), चेन्नई
५) आजरा तालुक्यात पिल्ले विकणारे सर्व ब्रीडर व मध्यस्थ

विषय : जातिवंत कुत्र्यांच्या विक्रीत ठरलेले नोंदणीचे कागद खरेदीदाराला मुदतीत मिळण्याबाबत.

महोदय,

आजरा, उत्तूर, गवसे, पेरणोली, वाटंगी आणि आसपासच्या गावांतले आम्ही श्वानपालक एका संघटनेचे सभासद आहोत. आमच्यात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, साखर कारखान्यातले कामगार आहेत आणि मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेलेही आहेत. कोणी वस्तीच्या राखणीसाठी कुत्रा घेतला, कोणी हौसेने, कोणी पुढे प्रदर्शनात उतरवायचा म्हणून. कारणे वेगळी असली तरी तक्रार एकच आहे.

पिल्लू दाखवताना ‘केसीआयच्या कागदांसह’ असे सांगितले जाते. किंमत त्या शब्दावर ठरते. पैसे पूर्ण घेतले जातात. पिल्लू घरी येते, कागद येत नाहीत. आधी ‘क्लबकडून अजून आले नाहीत’, मग ‘पुढच्या महिन्यात बघू’, आणि शेवटी फोन उचलणे बंद. पिल्लाचा कुत्रा होतो, तरी कागद ब्रीडरच्या कपाटातच असतात, किंवा मुळात काढलेलेच नसतात.

आमची भूमिका एका वाक्यात मांडता येते. कागदांची किंमत घेतली असेल, तर कागद हा विकलेल्या मालाचाच भाग आहे. तो देणे हे ब्रीडरचे कर्तव्य आहे, खरेदीदारावरचा उपकार नव्हे. खालील सर्व मागण्या या भूमिकेतून निघतात.

कागद म्हणजे काय आणि काय नव्हे

केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावर कुत्र्याचे नाव, जात, लिंग, रंग, जन्मतारीख, मायक्रोचिपचा क्रमांक, ब्रीडरचे व मालकाचे नाव आणि मागच्या पिढ्यांची वंशावळ असते. हा क्लब म्हणजे शासनाचे खाते नव्हे. त्याची नोंदणी असल्याशिवाय कुत्रा पाळता येत नाही, असेही नाही. कुत्रा निरोगी असल्याची हमी हा कागद देत नाही. कुत्रा कोणाच्या पोटचा आहे, एवढेच तो सांगतो.

पण या ‘एवढ्या’वरच पुढचे सगळे अवलंबून असते. कागद नसेल तर जातिवंत म्हणून प्रदर्शनात उतरता येत नाही. मादी व्याली तर तिच्या पिल्लांची नोंद होत नाही. नर-मादीचे रक्त जवळचे आहे का, हे तपासायला आधार उरत नाही, आणि जवळच्या रक्तातून येणारे दोष पुढच्या पिढीत उतरतात.

कागदाची गरज हौसेपुरती नाही, हे २०२४ मध्ये दिसून आले. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने कुत्र्यांच्या २३ जाती व त्यांच्या संकरांवर निर्बंध आणण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. मात्र उद्या असा प्रश्न पुन्हा आला, तर आपला कुत्रा यादीतल्या जातीचा नाही, हे मालकाने कशाच्या आधारे सांगायचे? ब्रीडरच्या तोंडी शब्दाच्या आधारे सांगता येणार नाही.

कायद्याचा आधार

आम्ही नवा कायदा मागत नाही. आहेत ते कायदे आमच्या बाजूचे आहेत. ते आजऱ्यापर्यंत पोचलेले नाहीत, एवढेच.

एक : श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे केंद्राचे नियम मे २०१७ मध्ये अधिसूचित झाले. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखालचे हे नियम आहेत. त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कुत्र्यांची पैदास व विक्री करता येत नाही. नोंदणी शुल्क ५,००० रुपये असून प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी असते. ‘ब्रीडर’च्या व्याख्येत मध्यस्थ आणि व्यापारीही येतात. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. मायक्रोचिप लावणे आणि कुत्र्यांची, वेतांची व विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

दोन : १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. ‘शुद्ध जातीचे, कागदांसह’ हे वर्णनच आहे.

तीन : २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारदार जिथे राहतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. ‘पुढच्या महिन्यात’ ऐकत बसणारा खरेदीदार नेमकी हीच मुदत गमावतो.

या आधारावर आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

मागणी १ : प्रत्येक विक्रीचे लेखी बिल

तक्रार अशी की बहुतेक व्यवहार रोखीने किंवा मोबाइलवरून पैसे पाठवून होतात आणि पावती मिळत नाही. पुढे वाद झाला, तर कागद देण्याचे ठरलेच नव्हते, असे सांगायला ब्रीडर मोकळा असतो.

मागणी अशी की पिल्लू हातात देतानाच सही असलेले बिल दिले जावे. त्यावर पुढील गोष्टी असाव्यात : ब्रीडरचे नाव, पत्ता व राज्य मंडळाचा नोंदणी क्रमांक, पिल्लाची जात, लिंग, रंग, जन्मतारीख व मायक्रोचिप क्रमांक, आई-बापाचे नोंदणी क्रमांक, लसीकरणाच्या तारखा, एकूण किंमत, आणि ‘कागदांसह’ किंवा ‘कागदांविना’ यांपैकी एक स्पष्ट शब्द. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांनी या बिलाचा एक पानाचा मराठी नमुना काढून तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत ठेवावा.

मागणी २ : नोंदणीकृत ब्रीडरांची जाहीर यादी

समोरचा माणूस नोंदणीकृत आहे की नाही, हे तपासायला सामान्य माणसाला आज सोपा मार्ग नाही. मोबाइलवर पिल्लाचा फोटो येतो आणि दर येतो. नोंदणी क्रमांक कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही.

राज्य मंडळाने कोल्हापूर जिल्ह्यातील नोंदणीकृत ब्रीडर व पाळीव प्राण्यांच्या दुकानांची यादी नोंदणी क्रमांक आणि मुदतीसह जाहीर करावी व दर तीन महिन्यांनी सुधारावी. ती तहसील कार्यालय, आजरा नगरपंचायत आणि शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना येथे लावावी. पिल्लांच्या प्रत्येक जाहिरातीत हा क्रमांक छापणे ब्रीडरवर बंधनकारक करावे. नोंदणी नसलेल्यांना अर्जासाठी ६० दिवसांची एकच मुदत द्यावी आणि त्यानंतर कारवाई करावी.

मागणी ३ : कागद येईपर्यंत किमतीचा चौथा हिस्सा राखून

पूर्ण पैसे आधी आणि कागद नंतर, या रिवाजात सगळा धोका खरेदीदाराच्या माथी येतो. पैसे हातात आल्यावर कागदांसाठी धावपळ करण्याचे ब्रीडरला कारण उरत नाही.

कागदांसह ठरलेल्या प्रत्येक विक्रीत किमतीचा २५ टक्के हिस्सा खरेदीदाराकडे राहावा आणि प्रमाणपत्र व मालकी हस्तांतराचा सही केलेला अर्ज मिळताच त्याच दिवशी तो चुकता व्हावा. पिल्लू देताना ब्रीडरने नोंदणीसाठी अर्ज केल्याची पोच दाखवावी. विक्रीपासून ९० दिवसांत कागद न मिळाल्यास पुढील दोहोंपैकी निवड खरेदीदाराची असावी : राखून ठेवलेला हिस्सा कायमचा आपल्याकडे ठेवणे, किंवा पिल्लू परत करून दिलेली रक्कम व लसीकरणाचा खर्च परत घेणे.

क्लबच्या कार्यालयात खरोखरच उशीर होत असेल, तर प्रामाणिक ब्रीडरवर अन्याय नको. वेळेत अर्ज केल्याची पोच आणि क्लबचे उत्तर दाखवणाऱ्याला आणखी ६० दिवस द्यावेत. पोच नसेल तर सबबही नाही.

मागणी ४ : कागदांसाठी नंतर वेगळे पैसे नकोत

पिल्लाचा दर ठरतो, पैसे दिले जातात, आणि काही आठवड्यांनी ‘कागद हवे असतील तर एवढे आणखी’ असा निरोप येतो. पिल्लाचा लळा लागलेला असतो, म्हणून माणूस तेही देतो.

नोंदणी, मायक्रोचिप आणि मालकी हस्तांतर यांचा खर्च सुरुवातीच्या किमतीतच धरावा व बिलावर दाखवावा. कागदांविना विक्री करायची असेल, तर दर वेगळा आणि कमी असावा, आणि त्या बिलावर ‘या पिल्लाची नोंदणी होणार नाही’ असे स्वच्छ मराठीत लिहावे. त्यानंतर त्याच पिल्लासाठी कागदांच्या नावाने एक रुपयाही मागू नये.

मागणी ५ : मायक्रोचिप पडताळणी आजऱ्यातच

कागद एका पिल्लाचे आणि पिल्लू दुसरे, ही आमच्या सभासदांची सर्वांत गंभीर तक्रार आहे. एका वेतातील पिल्ले दिसायला सारखी असतात. कातडीखालची १५ अंकी मायक्रोचिप वाचल्याशिवाय कोणते कागद कोणाचे, हे सांगता येत नाही. चिप वाचायला वाचकयंत्र लागते, आणि ते जवळपास नसले की चिप लावली आहे, या ब्रीडरच्या शब्दावरच विसंबावे लागते.

आजऱ्यातील शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात मायक्रोचिप वाचणारे एक यंत्र ठेवावे. आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी नाममात्र शुल्कात पडताळणी करून चिपचा क्रमांक बिलावर लिहावा व शिक्का मारावा. चिप नसलेले किंवा क्रमांक न जुळणारे पिल्लू परत करण्याचा हक्क खरेदीदाराला ३० दिवस असावा.

हे अवघड नाही. आमच्या तालुक्यातल्या गाई-म्हशींच्या कानात १२ अंकी बिल्ला आहे आणि त्याची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत आहे. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. दूध संस्थेला म्हशीचे दूध घालणाऱ्या शेतकऱ्याने ही शिस्त स्वीकारली आहे. एका म्हशीच्या तोडीची किंमत घेऊन पिल्लू विकणाऱ्या ब्रीडरला ती जड जाण्याचे कारण नाही.

मागणी ६ : नराच्या मालकाची सही विक्रीआधी

कागद अडकण्याचे एक कारण खरेदीदाराला कधीच सांगितले जात नाही. वेताची नोंदणी करताना नराच्या मालकाचीही सही लागते. मेटिंगचे पैसे किंवा वाट्याचे पिल्लू यांवरून दोन मालकांत वाद झाला, की ती सही अडते आणि सगळ्या वेताचे कागद अडतात. काही वेळा मादी दुसऱ्याच्या नावावर असते. ब्रीडरने तिचे स्वतःचे हस्तांतरच केलेले नसते. हा वाद त्यांचा असतो, पैसे मात्र आमचे अडकतात.

‘कागदांसह’ अशी जाहिरात करण्याआधी ब्रीडरकडे तीन कागद तयार असावेत : मादीचे स्वतःच्या नावावरील प्रमाणपत्र, नराच्या प्रमाणपत्राची प्रत आणि नराच्या मालकाची सही असलेला मेटिंगचा दाखला. खरेदीदाराने मागितल्यास ते दाखवावेत. यांतला एक जरी कागद नसेल, तर ते पिल्लू कागदांविना म्हणूनच विकावे. दुसऱ्या कोणाशी असलेल्या वादाची सबब खरेदीदाराला सांगता येणार नाही.

मागणी ७ : अटी असतील तर त्या पैशांआधी आणि लेखी

काही ब्रीडर कागद देण्यास अट घालतात : कुत्र्याची नसबंदी करा, मग कागद, किंवा पहिल्या वेतातले एक पिल्लू द्या, मग कागद. पहिल्या अटीमागे चांगला हेतू असू शकतो. वाटेल तशी पैदास होऊ नये, ही काळजी आम्हालाही आहे. पण पैसे घेतल्यानंतर सांगितलेली अट ही अट नसते, ती अडवणूक असते.

कोणतीही अट बिलावर, पैसे घेण्याआधी, खरेदीदाराच्या सहीनिशी लिहिलेली असावी. बिलावर नसलेली अट लागू होऊ नये. मादीच्या भावी वेतावर हक्क सांगणारी अट कोणत्याही रूपात मान्य होऊ नये. वर्षात किती वेळा आणि आयुष्यात किती वेळा मादीकडून वेत घ्यायचे, याच्या मर्यादा २०१७ च्या नियमांनी घातलेल्या आहेत. पिल्लाच्या वाट्यासाठी मादी भरवण्याचा सौदा त्या मर्यादांना बगल देतो.

मागणी ८ : देशी हाउंडच्या नोंदणीसाठी जवळ शिबिर

आमच्या भागात परदेशी जातींच्या बरोबरीने कारवान आणि मुधोळ हाउंड पाळले जातात. मुधोळ हे गाव शेजारच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. भारतीय टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही मुधोळ हाउंडची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदवहीत मात्र कारवान हाउंड हे नाव आहे. एकाच घराण्यातल्या दोन नावांमुळे खरेदीदाराचा गोंधळ होतो आणि मध्यस्थाचे फावते.

देशी हाउंड पिढ्यान्पिढ्या धनगरवाड्यांत आणि शेतवस्त्यांत वाढले. त्यांच्या आई-बापाची नावे लोकांना पाठ असतात, कागदावर मात्र नसतात. क्लबमध्ये अशा कुत्र्याची परीक्षकाकडून पाहणी होऊन एकट्या कुत्र्याची नोंदणी होऊ शकते, पण ती बहुधा प्रदर्शनाच्या ठिकाणी. आजऱ्याच्या शेतकऱ्याने त्यासाठी मोठ्या शहरात जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

क्लबने आणि पशुसंवर्धन खात्याने मिळून वर्षातून एकदा गडहिंग्लज किंवा आजरा येथे पाहणी व नोंदणीचे शिबिर घ्यावे. बिलावर ‘कारवान’ की ‘मुधोळ’ आणि कोणत्या संस्थेची नोंदणी, हे स्पष्ट लिहावे. एकट्या कुत्र्याच्या नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवून संपूर्ण वंशावळीचा दर लावणे ही फसवणूक समजावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हाउंडला रानात नेऊन शिकार करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ससा किंवा डुक्कर धरण्याच्या गुणावर पिल्लाचा दर लावणाऱ्याच्या पाठीशी ही संघटना उभी राहणार नाही.

मागणी ९ : तीन राज्यांच्या सीमेवरची तक्रार कोणीतरी घ्यावी

आजरा संकेश्वर–बांदा महामार्गावर आहे. एका दिशेला बेळगाव, दुसऱ्या दिशेला आंबोली उतरले की सावंतवाडी आणि पुढे गोवा. पिल्ले तिन्हीकडून येतात. बरेच सौदे फोनवर होतात आणि पिल्लू महामार्गावरच्या एखाद्या नाक्यावर हातात दिले जाते. तक्रार घेऊन गेले, की प्रत्येक कार्यालय दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवते.

ग्राहक कायद्याने हा प्रश्न सोडवलेला आहे : खरेदीदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार चालते. हे लोकांना सांगितले गेलेले नाही. त्यासाठी दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी तहसील कार्यालयात पशुधन विकास अधिकारी व पुरवठा विभागाचा प्रतिनिधी यांनी अशा तक्रारी लेखी घ्याव्यात, १५ दिवसांत ब्रीडरला नोटीस द्यावी, आणि तडजोड न झाल्यास आयोगाकडे जाण्यासाठी कागदपत्रांची यादी तक्रारदाराला द्यावी. परराज्यातील ब्रीडरविरुद्धची तक्रार कर्नाटक किंवा गोव्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे महाराष्ट्राच्या मंडळाने स्वतः पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक प्रत्येक बिलाच्या तळाशी छापावा.

१९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. एवढ्या दंडाने कोणीही सुधारत नाही. म्हणून आमचा भर शिक्षेपेक्षा नोंदणी रद्द करण्यावर आणि पैसे परत मिळवण्यावर आहे. एका वर्षात कागद न दिल्याच्या तीन तक्रारी सिद्ध झाल्यास त्या ब्रीडरची नोंदणी राज्य मंडळाने निलंबित करावी.

मागणी १० : जुन्या प्रकरणांचा एकदाच निकाल

ज्यांचे कागद आधीच अडकले आहेत, त्यांना नव्या नियमांचा उपयोग नाही. काहींचा कुत्रा म्हातारा होत आला आहे.

मागील तीन वर्षांतील विक्रीसाठी ९० दिवसांची एक मोहीम घ्यावी. ब्रीडरकडे कागद तयार असतील तर त्याने ते कोणतेही शुल्क न घेता द्यावेत. वेताची नोंदणी झाली असेल पण हस्तांतर राहिले असेल, तर क्लबने खरेदीच्या पुराव्यावर आणि चिपच्या पडताळणीवर ते करून द्यावे. ब्रीडर सही देत नाही किंवा सापडत नाही, या कारणाने अर्ज परत पाठवू नये. आई-बाप कोण, यावरच वाद असेल तर डीएनए तपासणी व्हावी आणि जो खोटा ठरेल त्याने तिचा खर्च द्यावा. नोंदणी शक्यच नसेल, तर कागदांसह व कागदांविना दरांतला फरक ब्रीडरने परत करावा.

आम्ही काय मागत नाही

कागद नसलेल्या कुत्र्याला कमी लेखावे, असे आम्ही म्हणत नाही. रेबीजची लस आणि स्थानिक संस्थेचा परवाना हे जातिवंत आणि गावठी दोघांनाही सारखेच हवेत, आणि त्यासाठी वंशावळ लागत नाही.

पिल्लांचे दर शासनाने ठरवावेत, असेही आम्ही म्हणत नाही. दर ब्रीडरने ठरवावा, घ्यायचे की नाही ते खरेदीदाराने. आमचा आग्रह ठरलेल्या दरात ठरलेला माल मिळण्याचा आहे.

नियमाने वागणारे ब्रीडर जिल्ह्यात आहेत. मादीची तब्येत सांभाळून वेत घेणारा, चिप लावणारा, कागद स्वतःहून आणून देणारा ब्रीडर खर्च जास्त करतो आणि बाजारात स्वस्त दर सांगणाऱ्यापुढे मागे पडतो. या मागण्या मान्य झाल्या, तर त्याला पहिला फायदा होईल.

आमची जबाबदारी

मागण्या करताना आम्हीही पुढील बंधने स्वीकारतो.

१) सभासद बिलाशिवाय आणि मायक्रोचिपशिवाय पिल्लू घेणार नाहीत.
२) आठ आठवड्यांखालचे पिल्लू कोणी स्वस्त देत असला तरी घेणार नाहीत.
३) राखून ठेवलेली २५ टक्के रक्कम कागद मिळताच त्याच दिवशी देतील, न देणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल.
४) मिळालेल्या कागदावर मालकी हस्तांतर स्वतःच्या नावावर वेळेत करून घेतील आणि कुत्रा दुसऱ्याला देताना कागदही देतील.
५) स्वतःच्या मादीची पिल्ले विकणारा सभासदही ब्रीडर समजला जाईल आणि वरील प्रत्येक मागणी त्याला प्रथम लागू होईल.

खर्च आणि व्यवहार्यता

वरील दहा मागण्यांत शासनाचा प्रत्यक्ष खर्च तीन ठिकाणी आहे : एक चिपवाचक यंत्र, बिलाच्या नमुन्याची छपाई आणि वर्षाकाठी एक शिबिर. बिलाच्या छपाईचा खर्च तालुक्यापुरता संघटना उचलेल. शिबिरासाठी जागा, मांडव आणि स्वयंसेवक आम्ही देऊ. मंडळाला नोंदणी शुल्काचे उत्पन्न आहे; नोंदणी न करणारे ब्रीडर नोंदणीत आले, की ते वाढेलच. यादी लावणे, तक्रारीचा दिवस ठरवणे आणि नोटीस काढणे यांसाठी नवे पद लागत नाही.

मुदत

हे मागणीपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालयात पशुसंवर्धन खाते, संघटनेचे प्रतिनिधी आणि नोंदणीकृत ब्रीडर यांची संयुक्त बैठक बोलवावी. ३० दिवसांत बिलाचा नमुना आणि ब्रीडरांची यादी जाहीर व्हावी. ६० दिवसांत आजऱ्यात चिप पडताळणी आणि तक्रारीचा दिवस सुरू व्हावा. जुन्या प्रकरणांची मोहीम त्यानंतर लगेच घ्यावी. केनेल क्लबने हस्तांतराबाबतची आपली भूमिका ४५ दिवसांत लेखी कळवावी.

एकसारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार दाखल करता येते. ६० दिवसांत ठोस पाऊल उचलले गेले नाही, तर दोन वर्षांची मुदत संपायच्या आत संघटना सभासदांच्या वतीने हा मार्ग घेईल. बिले, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि निरोपांच्या प्रती सभासदांकडून जमा करण्याचे काम सुरू झाले आहे.

तोपर्यंत तालुक्यातील प्रत्येक खरेदीदाराला आमचे सांगणे एवढेच : बिल घ्या, चिप वाचून घ्या आणि कागद हातात पडेपर्यंत पूर्ण किंमत देऊ नका.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
आजरा तालुक्यातील श्वानपालकांची संघटना